वाट वाकडी करायला लावणारे तारे

१/३
१९०० साली फ्रान्समध्ये ३,००० हूनही कमी मोटारी होत्या. तरीही आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या टायर-उत्पादक बंधूंनी वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका काढून ती फुकट वाटली. लोक जितके फिरतील, तितके टायर झिजतील, हा त्यामागचा हिशेब.

२/३
१९२६ पासून निवडक उपाहारगृहांना तारा मिळू लागला; पुढे श्रेणी तीन झाल्या. एक तारा म्हणजे आपल्या वर्गात उत्तम, दोन म्हणजे वाट वाकडी करण्याजोगे, तीन म्हणजे केवळ त्यासाठी प्रवास करण्याजोगे. चवीचे मोजमाप अंतरात होऊ लागले.

३/३
१९४४ मध्ये फ्रान्स मुक्त करण्याच्या मोहिमेसाठी दोस्त सैन्याने १९३९ ची आवृत्ती पुन्हा छापून घेतली. अनोळखी शहरांत शिरणाऱ्या अधिकाऱ्यांना तिच्यातील तपशीलवार नकाशे हवे होते. उपाहारगृहांची यादी मात्र आत तशीच होती.