व्यापारी शब्द आणि जोखमीचा धनी

राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास आपण आवडीनें वाचतों. पेढीवरच्या शब्दांच्या इतिहासाकडे मात्र सहसा कोणी वळत नाहीं. निर्यात-व्यापाराचे म्हणून जे शब्द व संक्षेप आमचे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात, ते वरून कोरडे दिसले तरी त्यांतील प्रत्येकाच्या पोटांत एकेक जुना तंटा मिटलेला असतो. आठवड्याच्या बाजारांत एका हातानें माल द्यावा व दुसऱ्या हातानें पैसा घ्यावा. तेथें परिभाषेची गरज नाहीं. परंतु माल एका किनाऱ्यावर, पैसा दुसऱ्या किनाऱ्यावर आणि मध्यें समुद्र, अशी स्थिति आली कीं प्रश्न उभा राहतो: माल बुडाला तर तो कोणाचा बुडाला, आणि पैसा अडला तर तो कोणाचा अडला? या प्रश्नाचें जें उत्तर ठरतें, त्यालाच व्यापारी परिभाषा म्हणावयाचें.

आमच्या पेढ्यांनीं हें उत्तर फार पूर्वीं शोधलें होतें, व त्यासाठीं त्यांना परक्या शब्दांची उसनवारी करावी लागली नव्हती. हुंडी दाखवितांच पैसे द्यावयाचे तर ती दर्शनी, ठराविक दिवसांनीं द्यावयाचे तर मुदती. पैसे प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्याच हातीं पडावयाचे असतील तर ती शहाजोग, ज्याची त्यालाच मिळावयाची तर धनीजोग. हुंडी सकारणें, नाकारणें, वटविणें, हीं सारीं क्रियापदें या व्यवहारांतलीं आहेत. आज बँकेंत चेक ‘वटला’ असें आपण म्हणतों, तेव्हां नकळत त्या जुन्या पेढीचीच भाषा बोलत असतों.

या सर्वांत विशेष लक्ष देण्याजोगी म्हणजे जोखमी हुंडी. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारांत ती चालत असे. माल गलबतावर चढविणारा व्यापारी तो माल जेथें जावयाचा तेथील घेणाऱ्यावर हुंडी काढी आणि ती लगेच एखाद्या सराफाला विकून पैसे मोकळे करून घेई. अट एवढीच कीं, गलबत सुखरूप बंदराला लागलें तर हुंडी सकारावयाची. बुडालें तर हुंडीहि बुडाली. तेव्हां हुंडी विकत घेणारा सराफ एका हातानें सावकारी करी आणि दुसऱ्या हातानें विमा उतरी; त्या विम्याचा मोबदला तो वटावांतच वसूल करून घेई. कर्ज, विमा व मालाचा दाखला हे तीन व्यवहार एकाच कागदावर बसलेले, आणि त्या कागदाच्या नांवांतच जोखमीचा उघड उच्चार!

अशा कागदांचें मोल मात्र सावकाराच्या पतीवर, आणि सावकाराची पत राज्याच्या आश्रयावर अवलंबून असते. ही गोष्ट करवीर राज्याच्या एका मुत्सद्द्यानें जितकी स्वच्छ ओळखली, तितकी त्या काळीं क्वचितच कोणी ओळखली असेल. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचें. त्यांत सावकार हे राज्याचें भूषण मानले असून, त्यांच्यामुळें परदेशची वस्तु येते व संकटसमयीं कर्ज मिळतें, असा त्याचा आशय आहे. पण टोपीकरांचें प्रकरण निराळें. हे नुसते व्यापारी नव्हत, यांच्या पाठीमागें यांचे राजे उभे आहेत, यास्तव किनाऱ्यावर यांना ठाणें करूं देऊं नये, असा इशारा अमात्यांनीं दिला.

इशारा खरा ठरला. राज्य गेलें तसा परदेशच्या व्यापाराचा कागदहि आमच्या हातून गेला. हुंडी देशांतल्या देशांत फिरत राहिली. १८८१ च्या कायद्यानेंहि देशी भाषांतील हुंड्यांना त्यांच्या स्थानिक रूढीवरच सोडलें. समुद्रापलीकडच्या व्यवहाराचे कागद मात्र मुंबईच्या विलायती बँकांत इंग्रजींत लिहिले जाऊं लागले. ज्याची भाषा त्याची अट, असा हा प्रकार होता. ‘हुंडणावळ’ हा आमचा शब्द पुढें पौंड-रुपयांच्या विनिमयालाहि लावला गेला खरा. पण तिचा दर ठरविण्यांत आमचा हात नव्हता. १९२७ सालीं रुपयाचा भाव १८ पेन्स कायम झाला. १६ पेन्सांच्या दरानें एका पौंडाला १५ रुपये आले असते, ते आतां १३ रुपये ५ आणे ४ पै झाले. हा फरक शेवटीं कापूस व गळित पिकविणाऱ्याच्याच अंगावर पडावयाचा. १९२३ सालीं डॉ. आंबेडकरांनीं रुपयाच्या प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यावरून या शब्दांत केवढें राष्ट्रीय हिताहित भरलें होतें तें दिसतें.

दरम्यान युरोपांत जुन्या तंट्यांचे निकाल छापील नियमांत बसविले जात होते. पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळानें १९३३ सालीं पतपत्रांचे नियम व १९३६ सालीं ‘इन्कोटर्म्स’ प्रसिद्ध केले. पतपत्र म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेनें दिलेलें वचन: ठरलेलीं कागदपत्रें बिनचूक हजर करा, पैसे आम्ही देतों. बँक कागद पाहते, माल पाहत नाहीं. जोखमी हुंडीचा डोळा गलबतावर होता, पतपत्राचा डोळा कागदावर. दोहोंतला मुख्य भेद हाच.

स्वातंत्र्यानंतर आपणहि हीं साधनें उभारलीं. परक्या गिऱ्हाइकाचें दिवाळें निघालें किंवा त्याच्या देशांत युद्ध पेटलें तर निर्यातदाराला आधार असावा म्हणून १९५७ सालीं जें सरकारी मंडळ निघालें, तेंच आजचें ई. सी. जी. सी. माल रवाना होण्यापूर्वीं बँक जें कर्ज देते त्याला ‘पॅकिंग क्रेडिट’ म्हणतात. १९६७ सालीं रिझर्व्ह बँकेनें त्याला पुनर्वित्ताची जोड दिली. नांव नवें, वस्तु ओळखीची. १८९५ सालीं शाहू छत्रपतींनीं वसविलेल्या शाहूपुरी पेठेंत गुऱ्हाळ सुरू होण्याआधींच शेतकऱ्याला ‘उचल’ देणारा अडत्या याहून निराळें काय करीत होता?

आतां कोल्हापूरचें ओतकाम परदेशीं जातें, आणि व्यवहाराच्या कागदावर पुष्कळदां ‘एफ्. ओ. बी.’ हीं तीन अक्षरें संवयीनें पडतात. यांचा अर्थ, माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची. २०१० ची आवृत्ति निघेपर्यंत तर जहाजाचा कठडा हीच सीमा होती; यारीला टांगलेला नग कठड्याच्या अलीकडे पडला तर विकणाऱ्याचा, पलीकडे पडला तर घेणाऱ्याचा! परंतु आज माल पेटींत बंद होऊन न्हावाशेव्याच्या आवारांत आधींच ताब्यांत द्यावा लागतो. तेथून जहाजापर्यंत त्यावर विकणाऱ्याची सत्ता उरत नाहीं, जोखीम मात्र उरते. म्हणूनच पेटीबंद मालासाठीं व्यापारी मंडळ ‘एफ्. सी. ए.’ हा शब्द सुचवितें. त्यांत माल वाहतूकदाराच्या हवालीं केला कीं जोखीम संपली. दोन अक्षरांच्या फरकानें शिरोलीच्या कारखानदाराची झोंप उडूं शकते किंवा शाबूत राहूं शकते.

जुना सराफ हुंडी हातीं घेतांना गलबत कोणतें, तांडेल कोण, मोसम कोणता, हें विचारून घेई. कारण जोखीम आपली आहे हें त्या कागदाचें नांवच त्याला सांगत असे. आजच्या संक्षेपांत तें नांव दिसत नाहीं, एवढ्यावरून जोखीम नाहींशी झाली असें होत नाहीं. आमचे पदवीधर तरुण या धंद्यांत शिरत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनीं सही करण्यापूर्वीं प्रत्येक शब्दाला तोच जुना प्रश्न विचारावा: वाटेंत बुडालें, तर कोणाचें?