श्रीरामपूरचा डावखुरा

क्रिकेटच्या इतिहासाची गोष्ट निघाली, कीं फलंदाजांचीं नांवें आधीं ओठांवर येतात. गोलंदाजाचें श्रम धांवफलकाच्या एका कोपऱ्यांत राहून जातात. म्हणून अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील श्रीरामपूर येथें ७ ऑक्टोबर १९७८ रोजीं जन्मलेले झहीर खान यांच्या कारकीर्दीकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असें आम्हांस वाटतें.

दौंड-मनमाड लोहमार्गावरील, उसाच्या मळ्यांनीं वेढलेलें हें गांव. अभियंता होण्याची वाट सोडून हा तरुण मुंबईस आला. तेथें नॅशनल क्रिकेट क्लबांत सुधीर नाईक यांनीं त्यास हाताशीं धरलें. पुढें चेन्नईस एम. आर. एफ.च्या शाळेंत जलद गोलंदाजीचें शिक्षण झालें. बडोद्याच्या संघांतून खेळतां खेळतां २००० सालीं भारतीय संघाचें दार उघडलें.

परंतु कीर्तीची परीक्षा कठोर असते. २३ मार्च २००३ रोजीं जोहान्सबर्ग येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत त्यांच्या पहिल्याच षटकांत १५ धावा गेल्या. सात षटकांत ६७ धावा आणि बळी एकही नाहीं! त्या दिवसाचा डाग कित्येकांनीं जन्मभर बाळगला असता. पुढें संघांतील स्थानही गेलें, तेव्हां २००६ सालीं ते इंग्लंडांत वूस्टरशायरकडून खेळावयास गेले. परक्या देशांत दररोज गोलंदाजी करून त्यांनीं त्या हंगामांत ७८ बळी मिळविले. केवळ वेगावर विसंबणें सोडून चेंडू कोठें, केव्हां व कोणत्या बाजूस वळवावा, ही विद्या त्यांनीं तेथें पक्की केली. तिचें फळ २००७ सालीं ट्रेंट ब्रिज येथें दिसलें. तेथें नऊ बळी घेऊन त्यांनीं सामना जिंकून दिला, आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडांत भारतानें मालिका जिंकली.

मग २ एप्रिल २०११ चा दिवस उजाडला. मैदान वानखेडे, अंतिम सामना विश्वचषकाचाच. आणि खेळपट्टीची देखभाल करणारे गृहस्थ तेच सुधीर नाईक! झहीर यांच्या पहिल्या पांच षटकांत तीन निर्धाव, सहा धावा व एक बळी. उत्तरार्धांत त्यांना मार बसला, हें लपविण्याचें कारण नाहीं. दहा षटकांअखेर ६० धावा गेल्या. तरीही त्या स्पर्धेंत २१ बळी घेऊन ते शाहिद आफ्रिदी यांच्या बरोबरीनें अग्रस्थानीं राहिले. त्याच वर्षीं लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशीं मांडीचा स्नायू दुखावून ते मैदानाबाहेर गेले, आणि ती मालिका भारतानें चारही सामने हरून गमावली. एका माणसाची किंमत त्याच्या अनुपस्थितींत कळते ती अशी.

ऑक्टोबर २०१५ मध्यें त्यांनीं निवृत्ति पत्करली, तेव्हां ९२ कसोटींतील त्यांच्या ३११ बळींपुढें भारतीय जलद गोलंदाजांत एकटे कपिल देवच होते. पण आंकड्यांहून मोठा वारसा निराळाच आहे. जोहान्सबर्ग आणि वानखेडे यांच्यामध्यें आठ वर्षांचें अंतर आहे, आणि तें अंतर दैवानें नव्हे, अभ्यासानें तोडलें गेलें. परीक्षेंत एकदां नापास झालेल्या मुलाकडे पाठ फिरविणाऱ्या आमच्या सुशिक्षित घरांनीं या आठ वर्षांचा हिशेब अवश्य पाहावा.