मंठ्याच्या तांड्यावर सुई धरा

आधी तो मोबाइल खाली ठेवा. शंभरेक वर्षं मागे त्याला रेंज नाही, आणि तुमचे दोन्ही हात आता गुंतणार आहेत.

पाय चटकले? चटकणारच. मंठ्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि तुम्ही अनवाणी आहात. बाभळींपलीकडे बंजाऱ्यांचा तांडा आहे. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जातो. शेण, बैलांचा घाम आणि चुलीवरची ज्वारीची बाटी, सगळे वास एकदमच नाकात शिरतात. कुत्री अंगावर धावून येतात. बायका दिसण्याआधी ऐकू येतात: कानशिलांवर लोंबणाऱ्या घुगऱ्या वाजतात, दंडापर्यंत चढवलेल्या बलिया एकमेकींवर आपटतात. मग त्या समोर येतात आणि फेटियावरचे, म्हणजे त्यांच्या घागऱ्यावरचे, आरसे दुपारचं ऊन थेट तुमच्या तोंडावर फेकतात.

इथे तुम्ही दहा-बारा वर्षांची पोर आहात. "छोरी, बेस," याडी म्हणते. आईचं ऐकायचं असतं. बसा.

जपानातल्या भरतकाम करणाऱ्या घरात जन्मला असतात, तर रेशमासाठी कापड लाकडी चौकटीवर ताणून मिळालं असतं. एक हात वर, एक खाली. इथे चौकट म्हणजे तुमची मांडी. कापड जाडंभरडं, दुहेरी, आल नावाच्या झाडाच्या मुळांनी तांबडं केलेलं. त्यावर नक्षी कुठेही आखलेली नाही. विणीतले उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्यावर चौकोन, त्रिकोण, तिरप्या रेघा बसवायच्या. एक धागा चुकला की पुढची सगळी ओळ तिरकी. याडीला मोजावं लागत नाही. ती शेजारणीशी भांडता भांडता टाके घालते.

आता आरसा. कड ओबडधोबड, बोटाला लागते. त्याला भोक नसतं, म्हणून तो दोऱ्यांनी कैद करायचा: दोन उभे, दोन आडवे, परत तिरपे, आणि मग त्या जाळ्यात सुई अडकवत काजाच्या टाक्याने गोल वेढा. हात घामेजलेत, आरसा निसटतो, मातीत पडतो. पुसा आणि पुन्हा लावा.

शेजारच्या झोपडीतून हुंदके येताहेत. घाबरू नका. लग्न ठरलेल्या मुलीला म्हाताऱ्या ढावलो शिकवताहेत; सासरी निघताना रडत गायचा असतो, तो आधी नीट यायला हवा. भरतकामाचंही तसंच: स्वतःचा फेटिया, काचळी, बटवा स्वतः भरायचा. पाणी आणायलाही साधी चुंबळ चालत नाही. कवड्यांनी मढवलेली हवी, आणि मागे मानेवर भरतकामाचा चौकोन लोंबायला हवा.

दादी कवड्या ओवतेय. एके काळी याच कवड्या नाणं म्हणून चालायच्या. बैलांवर मीठ-धान्य लादून तिच्या माणसांनी मुलूख पालथा घातला. ती लदेणी आगगाडीने खाल्ली. लदेणीच्या दिवसांत कापड वर्षानुवर्षं टिकायला हवं होतं, म्हणून टाके असे खेटून. दादी अजूनही विरळ टाक्याला टाका म्हणत नाही.

ऊन कलतं. याडी तुमचं काम उचलते आणि सरळ बाजू न बघता उलटं करते. मागच्या गाठी बघून एकच हुकूम: उसव.

दिवसभरात दोन बोटं कापड भरलं होतं, त्यातलं एक गेलं. फेटियाचा घेर केवढा, ते याडीच्या अंगावर बघा. हिशेब मांडा, आणि अंधार पडायच्या आत सुई ओवा.