लिनक्सवरील मराठी अक्षरवळण

लिनक्स डेस्कटॉपवर देवनागरी मजकूर मराठी वळणात दिसावा म्हणून करायची जुळवणी. अडचण ‘जालना’ या नावातच दिसते. फाँट व्यवस्थित बसवलेला असतो, तरी ‘ल’ पाकळीचा न उमटता हिंदी छपाईतल्यासारखा दंडाचा उमटतो. अंबड तालुक्यातल्या शहागडच्या ‘श’चेही तसेच होते. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण ठरवली. त्यामुळे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठी ‘ल’ला एकच क्रमांक (०९३२) आहे. कोणते रूप काढायचे हे फाँट ठरवतो, पण मजकुराची भाषा कळली तरच. जपानी वाचकांची अडचण याच जातीची आहे: चिनी आणि जपानी चित्रलिपीला सामाईक क्रमांक असल्याने चुकीचा फाँट निवडला गेला की जपानी मजकूर चिनी वळणात दिसतो. मात्र तिथे बहुधा फाँटच बदलावा लागतो. मराठीला नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी पुरतो, कारण दोन्ही वळणे त्यांच्या पोटातच आहेत.

म्हणून नवनवे फाँट उतरवत बसण्यापेक्षा आधी भाषा सांगावी. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये अक्षरे मांडणारी पँगो ही प्रणाली, डेस्कटॉप इंग्रजीत असेल तर, देवनागरी मजकूर हिंदी धरून चालते. पर्यावरण-चलांतील ‘पँगो लँग्वेज’मध्ये इंग्रजीपाठोपाठ मराठीचा संकेत ‘एमआर’ घातला की मेनू इंग्रजीच राहतात आणि ‘जालना’ मराठी होतो. लिबरऑफिसात परिच्छेदाची भाषा मराठी निवडावी. वेबपानावर ती पान तयार करणाऱ्यानेच नोंदवायची असते. एखादा ठरावीक फाँट, समजा राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, मराठीसाठी पहिल्या पसंतीचा करायचा असेल तर फाँट निवडून देणाऱ्या फाँटकॉन्फिगच्या फाइलीत तसा नियम लिहितात. ‘एफसी-मॅच’ आज्ञेने निवड तपासता येते.

वळणाखेरीज एक अडचण टंकण्यातली आहे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’ दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एकाने दुसरे सापडत नाही. याद्या करणाऱ्यांनी पहिलीच पद्धत पाळावी.

शिवाजी, कृतीदेव अशा युनिकोडपूर्व फाँटांतल्या फाइलींना यातले काहीच लागू पडत नाही. त्यांतली अक्षरे मुळात रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असल्याने तो मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा लागतो.