‘खुदा’ आणि ‘देव’

* वरच्या परिच्छेदात झाशीच्या मुसलमानांचा ‘खुदा’ आणि ख्रिस्ती लोकांचा ‘देव’ निराळे धरले आहेत. तिथल्या उर्दूत हा भेद टिकत नाही. उर्दू बायबलात देवाला ‘खुदा’च म्हटले आहे, अरब ख्रिस्ती तर ‘अल्लाह’च म्हणतात. अर्थात शब्द एक म्हणून उपास्य एक, असे होत नाही. मराठीत ‘देव’ वारकरीही म्हणतो आणि ख्रिस्तीही. खरा पुरावा कथेत आहे. अब्राहामाला हाक देणारा, मोशेशी बोलणारा जगाचा कर्ता तोच, असे मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही मानतात. कुराणाची २९वी सुरा ग्रंथधारकांना, म्हणजे यहुदी-ख्रिस्त्यांना, आपला ईश्वर एकच असल्याचे सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ साली तेच मान्य केले.

आक्षेप त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), आणि तो हलका नाही. उर्दूभाषक ख्रिस्ती येशूला ‘खुदावंद’ (प्रभू) म्हणतात. त्या ‘वंद’मध्ये सगळा वाद दडला आहे. १८५४ साली आग्र्यात पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांच्या जाहीर वादात ठरलेल्या विषयांत त्रैक्यही होते. पण त्रैक्य यहुदीही नाकारतात, तरी त्यांचा देव परका आहे असे चर्च म्हणत नाही. दोन साक्षीदार एकाच माणसाविषयी परस्परविरुद्ध बोलले, तर माणसे दोन होत नाहीत. कोणाची तरी साक्ष चुकलेली असते. म्हणून पुढील पानांत दोघांसाठीही ‘देव’ हाच शब्द ठेवला आहे. ‘खुदावंद’ मात्र जसाच्या तसा. — संपादक