ओक पार्क सामुदायिक संबंध आयोग

ओक पार्क सामुदायिक संबंध आयोग हा अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील ओक पार्क या उपनगराचा स्थानिक आयोग आहे. त्याची स्थापना १९६३ साली झाली. वर्ण, धर्म इत्यादी कारणांवरून नागरिकांमध्ये होणाऱ्या भेदभावाला आळा घालणे, विशेषतः घर विकताना किंवा भाड्याने देताना होणारा भेदभाव दूर करणे, हे त्याचे आरंभीचे प्रमुख कार्य होते. १९६८ साली संमत झालेल्या ओक पार्कच्या न्याय्य गृहव्यवहार अध्यादेशाची पूर्वतयारी या आयोगाच्या काळात झाली. एखाद्या लहान नगराने वर्णभेदविरहित वस्ती घडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांचे उदाहरण म्हणून नगररचना, समाजशास्त्र आणि कायदा या विषयांच्या अभ्यासात ओक पार्कचा उल्लेख वारंवार होतो.

पार्श्वभूमी

ओक पार्क हे शिकागो शहराच्या पश्चिम सीमेला लागून असलेले उपनगर आहे. इलिनॉयमधील कायदेशीर परिभाषेनुसार ते 'व्हिलेज' म्हणजे ग्राम असले, तरी १९७० साली त्याची लोकसंख्या ६२ हजारांच्या वर होती. त्याचा कारभार निवडून आलेले अध्यक्ष व विश्वस्त यांचे मंडळ पाहते. लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे जन्मस्थान आणि वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांची कर्मभूमी म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. ऑस्टिन बुलेवार्ड हा रस्ता ओक पार्कची पूर्व सीमा आहे. रस्त्याच्या पलीकडे शिकागोचा ऑस्टिन हा भाग सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकागो परिसरातील घरांचा बाजार वर्णाच्या रेषेवर विभागलेला होता. अनेक वस्त्यांमधील खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर न विकण्याची अट घातलेली असे. अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात दिला. तरीही दलालांचे संकेत, बँकांची धोरणे आणि शेजाऱ्यांचा दबाव यांमुळे विभागणी टिकून राहिली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर जोखमीच्या म्हणून दाखवून तेथे कर्ज नाकारण्याची पद्धत 'रेडलायनिंग' या नावाने ओळखली जाते.

या बाजाराचा दुसरा विघातक प्रकार म्हणजे 'ब्लॉकबस्टिंग'. एखाद्या श्वेतवर्णीय वस्तीत एक कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास आले की काही दलाल घरोघरी जाऊन, आता घरांच्या किमती कोसळणार, अशी भीती पसरवत. घाबरलेल्या मालकांकडून घरे स्वस्तात घेऊन तीच घरे, अन्यत्र प्रवेश नसलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावाने विकली जात. विकणारा आणि घेणारा दोघेही नागवले जात व नफा मध्यस्थाच्या पदरी पडे. १९६० साली जवळजवळ संपूर्णपणे श्वेतवर्णीय असलेल्या ऑस्टिनमध्ये १९८० पर्यंत सुमारे तीन चतुर्थांश रहिवासी कृष्णवर्णीय होते. हे स्थित्यंतर ओक पार्कच्या रहिवाशांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

पर्सी जुलियन यांच्या घरावरील हल्ले

ओक पार्कमधील वर्णद्वेषाची सर्वांत परिचित घटना रसायनशास्त्रज्ञ पर्सी जुलियन यांच्याशी निगडित आहे. काचबिंदूवरील उपचारात उपयोगी पडणाऱ्या फायसोस्टिग्मीन या द्रव्याचे संश्लेषण आणि सोयाबीनपासून संप्रेरके बनवण्याच्या पद्धती यांसाठी ते विख्यात होते. १९५० साली त्यांनी ओक पार्कमध्ये घर घेतले. कुटुंब राहावयास येण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९५० मध्ये, घर पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये त्या घरावर डायनामाइट फेकण्यात आले. ज्या काळात शिकागोत त्यांचा गौरव होत होता, त्याच काळात त्यांना स्वतःच्या घरावर पहारा ठेवावा लागत होता. काही शेजारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जुलियन कुटुंबाने गाव सोडले नाही. पुढे ओक पार्कमधील एका शाळेला जुलियन यांचे नाव देण्यात आले.

स्थापना

१९६३ च्या आरंभी स्थानिक वाद्यवृंदात एका कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक स्त्रीला दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. निषेध म्हणून वाद्यवृंदाचे संचालक मिल्टन प्रीव्हस यांनी पदत्याग केला. या प्रकरणाची चर्चा गावाबाहेरही झाली. त्याच वर्षी ग्राममंडळाने सामुदायिक संबंध आयोग नेमला. आयोगाचे सदस्य हे गावातील नागरिकच असत. अशा आयोगाला न्यायालयाचे अधिकार नसतात. तक्रार ऐकणे, दोन्ही पक्षांना समोरासमोर आणणे, लोकशिक्षण करणे आणि मंडळाला सल्ला देणे, एवढ्याच साधनांवर त्याला काम करावे लागते.

आयोगाच्या स्थापनेनंतरही घरदलालांच्या व्यवहारात लगेच फरक पडला नाही. त्यामुळे गावातील नागरिकांचे गट पुढे आले. खुल्या गृहव्यवहाराला पाठिंबा देणारी जाहीर निवेदने स्थानिक वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. १९६६ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली शिकागोत खुल्या वस्त्यांसाठी मोर्चे निघत असताना, ओक पार्कमध्येही दलालांच्या कार्यालयांवर मोर्चे निघाले.

१९६८ चा अध्यादेश

४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली. ११ एप्रिल रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी केंद्रीय न्याय्य गृहव्यवहार कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानंतर काही आठवड्यांतच, मे १९६८ मध्ये, ओक पार्कच्या मंडळाने स्वतःचा अध्यादेश संमत केला. हा प्रश्न सार्वमताने सोडवावा, अशी विरोधकांची मागणी होती. ती मान्य न करता मंडळाने निर्णयाची जबाबदारी स्वतः घेतली. नागरिकांचा मूलभूत हक्क बहुमताच्या कौलावर अवलंबून ठेवावा काय, हा या वादाचा गाभा होता.

केंद्रीय कायदा झाल्यावर स्थानिक अध्यादेशाची गरज काय, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. त्याचे उत्तर मूळ केंद्रीय कायद्याच्या मर्यादांत आहे. त्या कायद्याने गृहनिर्माण विभागाला मुख्यतः समेट घडवण्याचाच अधिकार दिला होता. समेट न झाल्यास पीडित व्यक्तीला स्वतः न्यायालयात जावे लागे. घर शोधणाऱ्या कुटुंबाला काही दिवसांत निवारा हवा असतो, खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. स्थानिक यंत्रणा तक्रार त्वरित हाती घेऊ शकत होती आणि गावातील दलालांवर सतत लक्ष ठेवू शकत होती. केंद्रीय विभागाचे अंमलबजावणीचे अधिकार १९८८ च्या दुरुस्तीने वाढवण्यात आले. अपंग व्यक्ती आणि मुले असलेली कुटुंबे यांनाही त्याच दुरुस्तीने संरक्षण मिळाले.

बंदीकडून नियोजनाकडे

अध्यादेशाने दार उघडले. परंतु आत आलेली कुटुंबे गावभर विखुरतील की ऑस्टिनलगतच्या पट्ट्यातच एकवटतील, हा प्रश्न उरला. दलाल कृष्णवर्णीय ग्राहकांना एका भागातील आणि श्वेतवर्णीयांना दुसऱ्या भागातील घरे दाखवत राहिले, तर कायदा असूनही वस्त्या वेगळ्याच राहतात. या प्रकाराला 'स्टीअरिंग' म्हणतात. तो ओळखण्यासाठी 'परीक्षक' पाठवण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. उत्पन्न व गरजा सारख्या, वर्ण मात्र भिन्न, अशा दोन व्यक्ती एकाच दलालाकडे जातात आणि त्यांना मिळालेल्या वागणुकीची तुलना केली जाते. ओक पार्कजवळच्या बेलवुड या उपनगराच्या खटल्यात, स्टीअरिंगमुळे गावाच्या वर्णसमतोलाला बाधा येत असल्यास ते गावही दाद मागू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली मान्य केले.

ओक पार्कने केवळ बंदीवर न थांबता पुढील उपाय योजले:

गृहकेंद्र: रॉबर्टा रेमंड यांच्या पुढाकाराने १९७२ साली ओक पार्क गृहकेंद्र ही संस्था सुरू झाली. भाड्याचे घर शोधणाऱ्यांना केंद्रातील सल्लागार गावाच्या सर्व भागांची माहिती देत. आपल्या वर्णाचे लोक जेथे कमी आहेत, असा भागही पाहावा, असे ते सुचवीत. अंतिम निवड मात्र ग्राहकाची असे.

विविधतेचे धोरण: १९७३ साली मंडळाने वर्णविविधता टिकवणे हे गावाचे अधिकृत धोरण असल्याचे जाहीर केले.

पाट्यांवर बंदी: 'घर विकणे आहे' अशा पाट्यांची रांग दिसली की घबराट वाढते, म्हणून घरांसमोर पाट्या लावण्यास मनाई करण्यात आली.

ग्रामभवनाचे स्थलांतर: १९७५ साली गावाचे नवे प्रशासकीय भवन पूर्व भागात, ऑस्टिनच्या सीमेकडे बांधण्यात आले. वास्तुविशारद हॅरी वीस यांनी त्याचा आराखडा केला. ज्या भागाविषयी लोकांच्या मनात शंका होती, तेथेच गावाने आपले कार्यालय नेले.

किमतीची हमी: १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरमालकांसाठी विमासदृश योजना आखण्यात आली. पाच वर्षांनंतर घर तोट्यात विकावे लागल्यास तोट्याचा ८० टक्क्यांपर्यंत भाग भरून देण्याची तिच्यात तरतूद होती. या योजनेतून भरपाई देण्याची वेळ कधीच आली नाही. किमती कोसळणार ही भीतीच निराधार होती, असे त्यावरून दिसून आले.

कायदेशीर व नैतिक वाद

या उपायांमधील काहींवर गंभीर आक्षेप घेतले गेले. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात, एखाद्या चौकात कृष्णवर्णीय कुटुंबांचे प्रमाण ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ नये, अशी तरतूद करण्याचा प्रस्ताव ओक पार्कमध्ये मांडला गेला. समतोल राखण्यासाठी घातलेली मर्यादा ही प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांनाच घातलेली मर्यादा ठरते, या कारणाने त्याला कडाडून विरोध झाला आणि १९७४ साली तो बाजूला ठेवण्यात आला. पुढे १९८८ साली न्यूयॉर्कमधील स्टारेट सिटी या वसाहतीच्या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने भाडेकरूंसाठीचे वर्णाधारित कोटे बेकायदा ठरवले.

पाट्यांवरील बंदीचा प्रश्न न्यू जर्सीतील विलिंगबरो या गावाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १९७७ साली न्यायालयाने अशी बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करते, असा निर्णय दिला. हा निर्णय न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी लिहिला होता. ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती होते आणि वकील या नात्याने त्यांनी आयुष्यभर वर्णविभाजनाविरुद्ध लढा दिला होता. एकत्र वस्तीचे उद्दिष्ट त्यांनी मान्य केले, मात्र त्यासाठी नागरिकांपासून माहिती दडवणे त्यांना मान्य झाले नाही. या निर्णयानंतर ओक पार्कमधील बंदी कायद्याने लागू करता येण्याजोगी राहिली नाही. तरीही दलालांनी स्वेच्छेने पाट्या न लावण्याची प्रथा पुढे चालू ठेवली.

याउलट, ज्या वर्णाचे ग्राहक आपोआप येत नाहीत त्यांच्यापर्यंत जादा माहिती पोचवण्याची पद्धत, इतर कोणाला घर नाकारले जात नसेल तर, कायद्याला धरून आहे, असे केंद्रीय अपील न्यायालयाने शिकागोच्या दक्षिण उपनगरांतील एका खटल्यात १९९१ साली म्हटले. पर्याय वाढवणे आणि पर्याय हिरावणे यांतील हा भेद या संपूर्ण विषयात कळीचा मानला जातो.

परिणाम आणि मूल्यमापन

१९७० च्या जनगणनेत ओक पार्कमध्ये कृष्णवर्णीय रहिवाशांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. १९८० साली ते सुमारे ११ टक्के, १९९० साली सुमारे १८ टक्के आणि २००० साली सुमारे २२ टक्के झाले. ऑस्टिनप्रमाणे संपूर्ण स्थित्यंतर होईल, हे त्या काळी अनेकांनी वर्तवलेले भाकीत खरे ठरले नाही. २०२० च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या ५४,५८३ होती. त्या वेळी कृष्णवर्णीयांचे प्रमाण २००० च्या तुलनेत काहीसे घटलेले होते.

समाजशास्त्रज्ञ कॅरोल गुडविन यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ऑस्टिन आणि ओक पार्क यांची तुलना केली. एकमेकांना लागून असलेल्या या दोन वस्त्यांचे भवितव्य भिन्न होण्यामागे स्थानिक शासनाची उपलब्धता हे एक महत्त्वाचे कारण होते. ऑस्टिन हा मोठ्या महानगराचा एक भाग असल्याने त्याला स्वतःचे मंडळ, स्वतःचा अध्यादेश किंवा स्वतःचा आयोग नव्हता. ओक पार्कला ही सर्व साधने हाताशी होती.

टीकाकार तीन मुद्दे मांडतात. पहिला, ओक पार्कचे यश मुख्यतः सुस्थित मध्यमवर्गाचे आहे. घरांच्या वाढत्या किमती आणि मालमत्ता कर यांमुळे अल्प उत्पन्न गटाला तेथे राहणे कठीण होते. दुसरा, समतोल राखण्याचे ओझे अनेकदा कृष्णवर्णीय कुटुंबांवरच पडते. तिसरा, शेजार एक झाला म्हणून संधी समान होतेच असे नाही. स्थानिक माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांमधील वर्णाधारित तफावत स्टीव्ह जेम्स यांच्या 'अमेरिका टू मी' या २०१८ च्या माहितीपट मालिकेतून व्यापक चर्चेत आली.

कालांतराने भेदभावाचे स्वरूप बदलले, तशी संरक्षणाची व्याप्तीही वाढली. १९८९ साली ओक पार्कने लैंगिक अभिमुखतेवरून होणाऱ्या भेदभावालाही मनाई केली. शासकीय भाडेसाहाय्य घेणाऱ्यांना केवळ त्या कारणावरून घर नाकारण्यास इलिनॉय राज्याने २०२३ पासून बंदी घातली आहे.