फॉर्म लोडच्या पुढची गोष्ट

वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. मी अडत्यांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहू लागलो तेही त्याच सुमारास. डेटा कुठे लोड करायचा, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडतच नव्हता. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकने उत्तर तयार ठेवलं होतं: फॉर्म लोड. स्क्रीन उघडायच्या आत तो कोड चालायचा. शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं तिथेच ग्रिडमध्ये ओतायचं. नोंदी थोड्या होत्या, निभलं.

सोयाबीनच्या हंगामात मात्र फजिती व्हायची. पट्टीसाठी शेतकरी समोर उभा, स्क्रीन पांढरी, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’, आणि मुनीमजी माउस आपटतायत.

डेटा आणि पडदा वेगळे ठेवावेत, हा विचार जुनाच. नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७९ साली एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) मांडलं. मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी २००५ मध्ये एमव्हीव्हीएम (मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल) सांगितलं, ते विंडोजच्या स्क्रीन बनवायच्या डब्ल्यूपीएफसाठी. एमव्हीव्हीएममध्ये स्क्रीन म्हणजे व्ह्यू, आणि तिला डेटा पुरवणाऱ्या व्ह्यूमॉडेलला स्क्रीनची ओळखच नसते. म्हणजे फॉर्म लोड गेला. मग डेटा लोड करायला बहुतेकांनी हाताशी होता तो कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड, धरला, आणि जुनंच दुखणं नव्या घरात आलं. उलट वाढलंच म्हणा ना! व्ह्यूमॉडेल झामलमध्येच, म्हणजे स्क्रीनच्या रचनेच्या फाइलमध्येच, जोडलेलं असलं, तर व्हिज्युअल स्टुडिओत नुसती रचना पाहायला स्क्रीन उघडली तरी डिझायनर कन्स्ट्रक्टर चालवतो आणि थेट डेटाबेसच्या दारात जातो.

२०१२ मध्ये सी शार्पमध्ये असिंक-अवेट, म्हणजे स्क्रीन न अडवता कामाची वाट पाहायची सोय, आलं आणि डेटा कन्स्ट्रक्टरमध्ये लोड करावा की नाही हा प्रश्न जवळपास मिटला, कारण कन्स्ट्रक्टरमध्ये अवेट वापरताच येत नाही. लोड करणारी मेथड वेगळी काढावी लागली. ती व्ह्यूमॉडेलमध्येच राहते. तिला हाक मारतो व्ह्यूचा लोडेड इव्हेंट, किंवा नेव्हिगेशन. त्यातही एक खोच आहे. टॅब बदलून परत आलं की लोडेड पुन्हा घडतो, आणि आवकेची तीच यादी पुन्हा डेटाबेसमधून येते. ‘आधीच लोड झालंय का’ हे तपासणारी एक ओळ तिथे हवीच.

नव्याने या कामात येणाऱ्या पोरांनो, कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त लागणाऱ्या सर्व्हिस घ्या. डेटाबेसला तिथून हात लावू नका.